सिनेमातली बंदूक कशी ओळखायची आणि आपल्या शॉर्टफिल्ममध्ये कोणती द्यायची

बंदूक ओळखायची तर आधी ती कुणाच्या हातात आहे ते बघा. नळी, मॅगझिन (गोळ्यांची पेटी), दस्ता हे सगळं त्यानंतर.

माझी नोकरी सैन्याच्या ईएमईत, म्हणजे यंत्रसामग्री दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मोरर म्हणून झाली. कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, हत्यारं उघडायची, साफ करायची, झिजलेले पार्ट बदलायचे, हे काम. आता साताऱ्याजवळ गावी असतो. वाई-मेणवलीला मोठ्या सिनेमांची शूटिंगं चालतात. ती बघत वाढलेली पोरं आता स्वतःच्या शॉर्टफिल्म काढतात आणि डमी, म्हणजे खोटी बंदूक, घेऊन माझ्याकडे येतात. "नाना, ही चालेल का?" मी उलट विचारतो, पात्र कोण, गोष्ट कुठल्या साली घडते आणि हे हत्यार त्याला मिळालं कुठून? या तिन्हीची उत्तरं आली की निम्मी बंदूक ओळखल्यात जमा.

आपल्याकडचंच बघा. गोष्टीतला बागायतदार लायसनवाला असेल तर त्याच्या घरी बाराबोरची दुनळी शोभते, नाहीतर कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर. त्याच्या कपाटातून ९ एमएम पिस्तूल निघालं की माझा त्या गोष्टीवरचा विश्वास उडतो, कारण तो बोर (नळीचं माप) सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहे. आपोआप फैर झाडणारं हत्यार तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदच आहे. म्हणजे गावगुंडाच्या हातात एके-४७ द्यायची असेल तर ती आली कुठून हे गोष्टीत कुठेतरी सांगावं लागेल. फौजदाराच्या कमरेला ९ एमएम ठीक. बँकेच्या दारावरच्या वॉचमनकडे बाराबोर.

फौजी पात्र असेल तर साल पक्कं करा. १९६२ च्या गोष्टीत जवानाच्या हातात .३०३ रायफल हवी, दर गोळीला बोल्ट मागे ओढायची. १९७१ च्या गोष्टीत एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) चालते: ७.६२ एमएम, वीस राउंडचं म्हणजे गोळ्यांचं मॅगझिन, चाप एकदा दाबला की एकच गोळी. इन्सास रायफल ५.५६ एमएमची, ती कारगिलच्या वेळची. १९७१ च्या लढाईत इन्सास दाखवली तर मिलिटरी अपशिंग्यातलं शाळकरी पोरसुद्धा चूक काढेल. त्या गावात घरटी फौजी आहे. ९ एमएम कार्बाइन ही आखूड बंदूक ओळखायला सगळ्यात सोपी, तिचं मॅगझिन खाली नसतं, डाव्या बाजूला आडवं असतं.

आता पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हरला मधे फिरतं चक्र असतं, बहुधा सहा गोळ्यांचं. पिस्तुलाचं मॅगझिन मुठीत असतं आणि वरची स्लाइड दर गोळीला मागे जाऊन पुढे येते. गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं काडतूस पिस्तुलातून बाहेर उडतं, रिव्हॉल्व्हरच्या चक्रातच राहतं. त्यामुळे रिव्हॉल्व्हरने मारलेल्या माणसाशेजारी पोलिसांना जमिनीवर रिकामं काडतूस सापडलं, तर ते मुद्दाम बाहेर का काढलं हे गोष्टीत आलं पाहिजे. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दिसला तरी शंका घ्या. चक्र आणि नळी यांच्यातल्या फटीतून गॅस बाहेर पडतो, आवाज तिथूनच फुटतो. ही फट बंद करणारी जुनी रशियन नागान हा अपवाद. आणि सायलेन्सर लावला तरी रायफलच्या गोळीचा कडाका उरतोच, कारण गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाते.

बहुतेक पिस्तुलांत शेवटची गोळी सुटली की स्लाइड मागेच अडकते. हातातलं पिस्तूल रिकामं आहे हे वापरणाऱ्याला दिसतं. तरी सिनेमात स्लाइड पुढे असलेल्या पिस्तुलातून "टिक टिक" ऐकवतात आणि मग नायकाला कळतं की गोळ्या संपल्या. ग्लॉक पिस्तुलाला मागे दिसणारा घोडाच (हॅमर) नाही, तरी घोडा ओढल्याचा आवाज घालतात. खलनायक अर्धं पान संवाद म्हणतो आणि धमकी गडद व्हावी म्हणून मग स्लाइड ओढतो. म्हणजे एवढा वेळ नळीत राउंडच नव्हता! हे दिग्दर्शकाने समजून केलं तर त्याचा सुंदर उपयोग करता येतो, पण बहुतेक ठिकाणी नुसता आवाज म्हणून वापरतात.

गोळ्या मोजायची सवय लावा. एके-४७ चं मॅगझिन तीस राउंडचं आणि वेग मिनिटाला सहाशेच्या आसपास. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. एमपी-५ या छोट्या मशीनगनचा वेग मिनिटाला आठशे, म्हणजे तीस राउंड अडीच सेकंदसुद्धा पुरत नाहीत. मॅगझिन न बदलता वीस सेकंद चाललेली फैर मी मनाने तिथेच थांबवतो.

पोरांना हे शिकवताना मी १९८८ चा 'डाय हार्ड' लावतो. त्यात हत्यारांवरून माणसं कळतात. नायक जॉन मॅक्लेन न्यूयॉर्कचा पोलीस, त्याच्याकडे बेरेटा ९२, पंधरा राउंडचं ९ एमएम. ओळखायची खूण: स्लाइड वरून उघडी, आतली नळी दिसते. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने हेच पिस्तूल घेतलं, म्हणजे त्या काळाला साजेसं. खलनायक हान्स ग्रुबरच्या हातात जर्मन पी-७ पिस्तूल. तिच्या मुठीचा पुढचा भाग आवळला की ती सज्ज होते, सोडला की सुरक्षित. तोलून बोलणाऱ्या, सूट घालणाऱ्या माणसाला इतकं बेतीव हत्यार दिलंय. त्याच्या माणसांकडे एमपी-५ दिसतात, प्रत्यक्षात त्या एचके-९४ नावाच्या नागरी बंदुका कापून, बदल करून बनवल्या होत्या. त्याचा साथीदार कार्लकडे ऑस्ट्रियन स्टायर ऑग रायफल, जिचं मॅगझिन चापाच्या मागे असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्रुबरचा पहिला माणूस मेल्यावर त्याची एमपी-५ नायकाकडे येते. हत्यार मिळालं कुठून याचं उत्तर पडद्यावर डोळ्यांसमोर मिळतं. तुमच्या पटकथेत असा एक प्रसंग असला तरी पुष्कळ.

याच मालिकेच्या १९९० च्या दुसऱ्या भागात मात्र नायक चिनी मातीच्या जर्मन 'ग्लॉक ७' बद्दल बोलतो, जी एक्स-रेत दिसत नाही म्हणे. असं मॉडेलच नाही. ग्लॉक ऑस्ट्रियाची, तिची नळी आणि स्लाइड पोलादी, एक्स-रेत व्यवस्थित दिसते. म्हणून पात्राच्या तोंडचं वाक्य पुरावा धरू नका, पडद्यावरची वस्तू बघा.

तुमची डमी निवडताना आकाराइतकंच वजन पाहा. भरलेलं ९ एमएम पिस्तूल किलोच्या घरात जातं, एसएलआर चार किलोंच्या वर. पोकळ प्लास्टिकची रायफल नट काठीसारखी फिरवतो आणि प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी खोटं जाणवतं. पिस्तुलाच्या पोकळीत कोरडी वाळू भरून तोंड बुजवा. रायफल असेल तर नटाला सीनआधी तासभर खांद्यावर घेऊन चालायला लावा, पट्टा कुठे रुततो ते त्याच्या चालीत आपोआप येतं. शिकलेल्या माणसाचं बोट फायर करेपर्यंत चापाच्या कड्याबाहेर, नळीला समांतर असतं. ही एक गोष्ट पाळली तर तुमचा फौजदार फौजदार वाटेल.

खरी बंदूक सेटवर आणू नका, लायसन असलं तरी. ब्लँक, म्हणजे पुढे गोळी नसलेलं नुसत्या दारूचं काडतूससुद्धा नको. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली सेटवर गोळी लागून मेला तो ब्लँकमुळेच: आधीच्या डमी राउंडची (दारू नसलेल्या, दिसायला खऱ्या काडतुसाची) गोळी नळीत अडकली होती, ब्लँकच्या दाबाने ती बाहेर आली. २०२१ मध्ये कॅमेरा सांभाळणारी हॅलिना हचिन्स सेटवर गोळी लागून मेली, तेव्हा रिव्हॉल्व्हरमध्ये जिवंत राउंड निघाला. त्या सेटवर हत्यारांसाठी नेमलेला माणूस होता, तुमच्याकडे तोही नाही. नळीतली ठिणगी आणि आवाज एडिटिंगमध्ये घाला. नटाला फक्त खांद्याला बसणारा धक्का शिकवा.

शूटिंगच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा: जागा, तारीख, वेळ, डमी किती, जबाबदार कोण आणि त्याचा फोन. शेजारच्या वस्तीवरही सांगून ठेवा. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून मोटारसायकलवर डमी उघडी मिरवू नका, पोत्यात गुंडाळून न्या. "कट" झाल्यावर ती नटाच्या हातात राहू देऊ नका. एकच माणूस नेमा, त्याने मोजून द्यायची, मोजून घ्यायची आणि प्रत्येक वेळी वहीत सही घ्यायची. कोतात आम्ही हेच करायचो.