‘कलॅमिटस’ पाठ करण्याआधी त्याची सोबत बघा

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या यादीत डिझास्ट्रस, कॅटॅस्ट्रॉफिक आणि कलॅमिटस एकाच ओळीत भेटतात, आणि तिघांसमोर अर्थही एकच: विनाशकारी. अशा याद्या पाठ करणं मी केव्हाच सोडलं. अर्थ लक्षात राहतो, पण वाक्य करायची वेळ आली की पेन अडतं. आता मी वहीत शब्दासमोर अर्थ नाही, वाचनात त्याच्यासोबत आलेलं नाम लिहितो.

कलॅमिटसचा उच्चार करताना जोर ‘लॅ’वर. नाम कलॅमिटी. एवढं शब्दकोशात मिळतं. वहीतल्या नोंदी बघितल्या की कळतं, हे विशेषण भूकंपापेक्षा निर्णयाला, युद्धाला, परिणामांना, किमतींच्या घसरणीला जास्त शोभतं. भूकंप ही मुळातच आपत्ती, तिला आणखी आपत्तिमय म्हणून काय साधणार? ‘अ कलॅमिटस डिसिजन’ म्हटलं की मात्र त्या निर्णयापायी पुढे काय ओढवलं, ते एका शब्दात येतं. काळालाही तो लागतो. युरोपात 1337 मध्ये शतवार्षिक युद्ध पेटलं, 1347 ते 1351 प्लेगने थैमान घातलं. त्या चौदाव्या शतकाला इंग्रजीत कलॅमिटस म्हणतात ते उगाच नाही.

डिझास्ट्रस रोजच्या बोलण्यातला. फसलेली मुलाखतही डिझास्ट्रस असते. (त्याच्या पोटात ‘तारा’ या अर्थाचा जुना शब्द आहे, म्हणजे ग्रह फिरलेले!) यंत्र एकाएकी पूर्ण निकामी झालं तर अभियंते कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर म्हणतात, तिथे कलॅमिटस घुसवू नका. कलॅमिटस जरा पुस्तकी, भारदस्त. अपवाद ब्रिटिश क्रीडापानांचा. बचावपटूने गोंधळ घालून आपल्याच जाळ्यात चेंडू मारला की तिथले वार्ताहर हाच शब्द काढतात, आणि त्यात टवाळी असते.

‘व्हेरी कलॅमिटस’ खटकतं, जोर हवाच तर ‘अटर्ली’ लावा. ‘नॅचरल कलॅमिटस’ तर सरळ चूक, तिथे कलॅमिटी हवं.

मराठीत आणताना ‘आपत्तिजनक’ टाळा. हिंदीत त्याचा अर्थ आक्षेपार्ह, आणि हिंदीची सवय असलेला वाचक तोच घेतो. ‘अनर्थकारक’ चालतं, पण मला विचाराल तर विशेषणाचा हट्टच सोडावा: ‘त्या निर्णयाने अनर्थ ओढवला’.