‘डॉट इन’ नाव नोंदवण्यापूर्वीची तयारी

दिंडोरीच्या द्राक्षबागेसाठी, येवल्याच्या पैठणीच्या दुकानासाठी किंवा पंचवटीतल्या यात्रेकरूंच्या निवासासाठी संकेतस्थळ करायचे ठरले की चर्चा लगेच छायाचित्रांवर आणि रंगांवर येते, आणि डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र त्या दिवशी जे मोकळे सापडेल ते घेतले जाते. संकेतस्थळाचे रूप दोन-चार वर्षांनी बदलता येते; नाव पावतीवर, पिशवीवर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी बसल्यानंतर ते बदलणे फार महागात पडते. म्हणून पुढील गोष्टी नोंदणीच्या आधी, शांतपणे, शक्यतो कागदावर करून घ्याव्यात.

सर्वप्रथम आपल्या व्यवसायाचे नाव देवनागरीत लिहावे आणि त्याखाली ते रोमन अक्षरांत जितक्या प्रकारे लिहिले जाऊ शकते तितके सगळे प्रकार लिहून काढावेत. आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. ‘नाशिक’ हा शब्द आज एस-एच घालून लिहितात, परंतु जुन्या इंग्रजी कागदपत्रांत तो नुसत्या एसने लिहिलेला आढळतो आणि अनेकांच्या बोटांना तीच सवय आहे. ‘येवला’ शासकीय कागदांवर ई-ओ असा येतो, पण उच्चारावरून लिहिणारा माणूस त्यात व्ही किंवा डब्ल्यू घालतो. ‘द्राक्ष’ या शब्दाचे तर शेवटी ए लावून, ए न लावता आणि के-एस-एचऐवजी एक्स वापरून असे किमान चार प्रकार सहज होतात. ज्या नावाचे असे फाटे कमीत कमी फुटतात ते निवडावे, आणि फाटे टाळताच येत नसतील तर दोन प्रमुख स्पेलिंगे घेऊन दुसरे नाव पहिल्याकडे वळवावे. निवडलेले नाव मालेगावच्या किंवा सटाण्याच्या एखाद्या नातेवाइकाला फोनवर एकदाच सांगावे आणि त्यांनी काय टंकले ते विचारावे. ही परीक्षा मला इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

डोमेनच्या एका भागात, म्हणजे टिंबांनी तोडलेल्या एका तुकड्यात, ६३ अक्षरांपर्यंत जागा असते, परंतु ती वापरायची नसते. जोडरेघ सुरुवातीला आणि शेवटी चालत नाही; मध्ये चालते, पण बोलून सांगताना ती हमखास गळते. सिंहस्थ जवळ आला म्हणून नावात २०२७ हा आकडा घालण्याचा मोह निवासव्यवस्था चालवणाऱ्यांनी आवरावा, कारण पर्व उलटल्यावर ते नाव शिळे दिसेल.

त्यानंतर शेवटच्या टिंबापुढचा भाग ठरवावा. ‘डॉट इन’ हा भारताचा देशसंकेत असून त्याची व्यवस्था निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, पाहते. प्रत्यक्ष नोंदणी तिने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारांकडे, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपन्यांकडे, होते. २००५ पासून हे नाव सर्वांना खुले आहे, त्यासाठी भारतात राहण्याची अट नाही आणि जो आधी येईल त्याला नाव मिळते. याचाच अर्थ असा की आपण विचार करत बसलो असताना ते जगातील कोणीही घेऊ शकतो. ‘डॉट को डॉट इन’ आणि ‘डॉट ऑर्ग डॉट इन’ हे प्रकारही खुले आहेत. मात्र नुसते ‘डॉट इन’ दुसऱ्याकडे असताना ‘डॉट को डॉट इन’वर धंदा उभारू नये, कारण आपली निम्मी गिऱ्हाइके त्याच्या दारात जातील. ‘डॉट गव्ह डॉट इन’ शासनासाठी आणि ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहे. ‘डॉट बँक डॉट इन’ची घोषणा रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये केली; ते बँकांसाठीच आहे, पतसंस्थांनी त्याच्या मागे लागू नये.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळते आणि मराठी नाव मराठीत घेता यावे याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही ते जोडीला घ्यावे, एकमेव म्हणून नव्हे, कारण अनेक अर्ज आणि ईमेल सेवा देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत. ते घेताना ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तपासावा. ‘लासलगाव’ आणि ‘लासलगांव’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत.

नाव मोकळे दिसले म्हणजे ते आपले झाले असे नाही. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदीत ते शोधून पाहावे. डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सांगितले आहे, आणि ‘डॉट इन’च्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र पद्धत आहे. दुसऱ्याच्या नावाशी साम्य साधून वाईट हेतूने घेतलेले नाव तिथे काढून घेतले जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे: नोंदणी कोणाच्या नावावर होते आहे हे स्वतः पाहावे. आमच्या ओळखीच्या एका मंडळाचे नाव संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने सोयीसाठी स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. तो पुढे नोकरीसाठी शहर सोडून गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच जुन्या पेटीत जात राहिल्या आणि मंडळाला कळले तेव्हा मुदत संपून नाव परक्याकडे गेले होते. म्हणून नोंदणीधारक म्हणून व्यवसायाचे किंवा मालकाचे नाव असावे आणि रजिस्ट्रारकडील खाते आपल्या ईमेलवर व मोबाइलवर असावे. हा ईमेल नव्या डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर तोही बंद पडेल. ‘डॉट इन’साठी दुसऱ्याच्या नावाआड राहण्याची सोय नाही, तेव्हा पत्ता खरा द्यावा आणि ओळखीचा पुरावा जवळ ठेवावा.

पैशांबाबत एवढेच पाहावे की पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर नूतनीकरणाचा दर किती आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला आहे का. नोंदणी १ ते १० वर्षांची करता येते. मला ३ वर्षांची सोयीची वाटते. मुदत संपल्यावरही काही काळ नाव परत मिळवता येते, पण त्यासाठी बराच जास्त आकार पडू शकतो, म्हणून ती तारीख घरातील दोघांच्या दिनदर्शिकेत लिहावी.

नोंदणी झाली की खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, नावावरील कुलूप (परवानगीविना नाव दुसरीकडे हलवू न देणारी सोय) चालू ठेवावे आणि नेमसर्व्हरची (नाव कोणत्या संगणकाकडे न्यायचे हे सांगणाऱ्या यंत्रणेची) माहिती संकेतस्थळ करणाऱ्याला द्यावी, पासवर्ड नव्हे. पावती जपून ठेवावी. आणि दुकानाची पाटी रंगवणाऱ्याला हे नाव फोनवर न सांगता मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, रंग चढण्यापूर्वी एकदा जाऊन पाहावे.