सस्पेन्शनचा जॅम बोल्ट तोडण्याआधी

गगनबावड्याच्या पावसात दहा-बारा वर्षं फिरलेली गाडी असेल, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बोल्ट सहजासहजी निघणार नाही, हे धरूनच चाला. आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं आटे घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी परत मारा. घाई इथंच नडते.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर अजिबात नको. बारा कोनी पाना घसरून बोल्टचं डोकं गोल करतो, म्हणून सहा कोनी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा वापरा. आधी किंचित आवळा, मग सोडा. ‘कट्’ असा आवाज आला की गंज सुटला.

नट निघाला, बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही? मग तो बुशच्या, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या, आतल्या लोखंडी नळीत चिकटलाय. हातोडा उघड्या आट्यांवर मारू नका. नट टोकापर्यंत परत चढवून त्यावर मारा. तरी हलला नाही, तर बुशच्या दोन्ही बाजूंनी ग्राइंडरनं बोल्ट कापा आणि बुश, बोल्ट दोन्ही नवे घाला. गॅसची ज्योत मी तिथं लावू देत नाही. शेजारी रबर, ब्रेकचा होज आणि वर स्प्रेचं तेल, आग लागायला वेळ लागत नाही.

नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट पुन्हा चिकटू न देणारं वंगण, लावा. शेवटचा आवळ मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच द्या, नाहीतर बुशचं रबर पिळून लवकर फाटतं.