काटापावतीवरील वजनाचा कॉलम बदलण्यापूर्वी

कोल्हापूर भागातील एखाद्या साखर कारखान्याच्या डेटाबेसमध्ये उसाच्या निव्वळ वजनाचा (टनांतील) कॉलम वर्षानुवर्षे व्हारकॅर, म्हणजे मजकुराच्या प्रकारात चालत आला असेल आणि तो आता न्युमेरिक, म्हणजे अचूक संख्येच्या प्रकारात करायचा असेल, तर आधी तारीख ठरवावी आणि ती जून-जुलैमधील असावी. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत हा बदल चालू असताना टेबलावर सर्वांत कडक लॉक (कुलूप) बसते आणि नुसती माहिती वाचणारी सिलेक्ट क्वेरीसुद्धा खोळंबते. गाळप हंगामात काट्यावर रात्री दोनलाही ट्रॅक्टरची रांग असल्याने इतरांना मिळते तशी निवांत रात्र आपल्याला मिळत नाही.

त्यानंतर कॉलममध्ये खरोखर काय साठले आहे ते पाहावे, आणि सर्वाधिक वेळ इथेच घालवावा. केवळ इंग्रजी अंक व दशांशचिन्ह यांनीच न बनलेल्या ओळी वेगळ्या काढल्या की '12.450 टन', '१२.४५०', रिकामी स्ट्रिंग आणि '12,450' अशी मंडळी समोर येतात. शेवटची नोंद बहुधा किलोतली असते. तिच्यातला स्वल्पविराम नुसता काढून टाकला, तर साडेबारा टनांच्या खेपेचे बारा हजार टन होतात. अशा ओळींचा निर्णय प्रोग्रामरने परस्पर न घेता काट्यावरच्या लिपिकाला मूळ पावत्या काढायला लावाव्यात. रिकाम्या जागी शून्य न भरता नल, म्हणजे ‘मूल्य नाही’ अशी खूण ठेवावी. हा सगळा निर्णय बदलाच्या आज्ञेतील यूजिंग या भागात, म्हणजे जुन्या मजकुराची संख्या कशी करायची ते सांगणाऱ्या भागात, लिहून काढावा.

बिल या आकड्यावर निघते, म्हणून फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) टाळावा आणि दशांशानंतर तीन स्थळे ठेवावीत. दोनच ठेवली तर पोस्टग्रेस काही न बोलता किलोचा आकडा पूर्णांकित करते. याच ओघात गट क्रमांकही पूर्णांक करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण '125/2' मधील तिरकी रेघ पोटहिश्श्याची आहे.

कॉलमवर व्ह्यू (साठवलेली क्वेरी) अवलंबून असेल तर पोस्टग्रेस बदल नाकारते; तो आधी काढून नंतर पुन्हा बनवावा लागतो. म्हणून व्ह्यूंच्या व्याख्या आणि त्यांवरील परवानग्या, दोन्ही फाइलमध्ये उतरवून ठेवाव्यात. टेबल नव्याने लिहिले जात असल्याने त्याच्या व इंडेक्सच्या (शोधसूचीच्या) आकाराइतकी जागा डिस्कवर मोकळी हवी. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तिथेच घड्याळ लावून तालीम करावी. मायएसक्यूएल ही दुसरी डेटाबेस प्रणाली वापरणाऱ्यांनी कॉलम बदलणारी मॉडिफाय आज्ञा लिहिताना नॉट नल (रिकामे चालणार नाही ही अट) आणि डीफॉल्ट (आपोआप भरायचे मूल्य) पुन्हा लिहावेत, अन्यथा ते गळून पडतात. आमच्याकडे एकदा ते गळले आणि वजनाविना पावत्या नोंदल्या गेल्याचे आठवड्याने कळले. मायएसक्यूएलमध्ये या बदलाला रोलबॅकही, म्हणजे तो मागे घेणेही, चालत नाही.

प्रत्यक्ष बदलाआधी, संशयित ओळी मिटल्यावर, गावनिहाय बेरीज छापून घ्यावी आणि जुना मजकूर वेगळ्या टेबलात एक हंगामभर जपावा. लॉक-टाइमआउट (लॉकसाठी थांबण्याची कमाल मुदत) लावूनच आज्ञा द्यावी; नंतर टेबलाची आकडेवारी ताजी करणारे अ‍ॅनालाइझ चालवावे, बेरजा ताडाव्यात आणि दहा जुन्या पावत्या नव्याने छापून मूळ कागदाशेजारी ठेवून पाहाव्यात.