हिरवी रेघ सरकली का? कान्हेरीच्या डोंगरावर मुलांना भूकंप कसा शिकवावा

सोसायटीतली अकरा मुलं घेऊन पहिल्यांदा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना गेलो, तेव्हा पहिल्याच कातळापाशी उभं राहून मी पृथ्वीच्या पोटापासून सुरुवात केली. कवच, प्रावरण, गाभा... पाचव्या मिनिटाला माकडाने कुणाच्या तरी हातातली वेफर्सची पिशवी पळवली आणि माझा वर्ग बरखास्त झाला. तेव्हापासून मी गाभ्याचं नाव काढत नाही. दगडातली भेग बघून ती भूकंपाची आहे की नाही, हे ओळखायला शिकवतो. तेवढं जमलं की बाकीचं मुलं आपणहून विचारतात.

आधीची तयारी

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि मार्चनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. बोरिवलीच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. तिथवर चालत गेलात तर शिकायच्या वेळी मुलं दमलेली असतील, म्हणून जाताना गाडी करा. वाटाड्या उद्यानाचा किंवा एखाद्या निसर्गसंस्थेचा घ्या, पण त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आज झाडं-पक्षी कमी आणि दगड जास्त. दहा मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत, कारण हे बिबट्याचं जंगल आहे. मागे रेंगाळणारं पोर नेहमी एकच असतं, आणि ते कोण हे तुम्हाला ठाऊक असतं.

पिशवीत चटणी सँडविच (न कापलेलं), सुरी, कागद, खराट्याचे पाच-सहा हीर, झाकणाचा प्लास्टिकचा डबा, दोन वाट्या वाळू, पाण्याची बाटली आणि एक गुळगुळीत गोटा. हातोडी नको. लेणी संरक्षित स्मारक आहेत आणि जंगलही राखीव आहे. दगड फोडायचा नाही, उचलून घरीही न्यायचा नाही. हे फाटकाबाहेरच बजावून सांगा.

पहिला थांबा: ज्वालामुखी वेगळा, भूकंप वेगळा

पोरांच्या डोक्यात ही दोन्ही प्रकरणं एकाच कप्प्यात असतात, म्हणून आधी हा गुंता सोडवा. कातळाला हात लावायला सांगा. हा दगड सुमारे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून आला. लाव्हा ओतला गेला, थिजला, त्यावर पुन्हा ओतला गेला, आणि थरावर थर चढत दख्खनचं पठार झालं. लेण्यांच्या भिंती जवळून पाहिल्या तर जागोजागी दगडातच दुसऱ्या दगडाचे टोकदार तुकडे अडकलेले दिसतात. कान्हेरीला शंभराच्या वर लेणी आहेत आणि खोदणाऱ्यांनी हाच दगड शेकडो वर्षं पोखरला. जाता जाता पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी, दाखवा. पोढी मुलांना मूर्तींपेक्षा जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं ज्वालामुखीचं. तो केव्हाच विझला. भूकंप मात्र विझलेला नाही.

दुसरा थांबा: सँडविच

दोन पाव, मध्ये हिरवी चटणी. सपाट दगडावर कागद पसरून सँडविच ठेवा आणि सुरीने वरून खाली सरळ कापा. दोन्ही तुकडे होते तिथेच राहू द्या. बाजूने पाहिलं तर भेग पडली आहे, पण चटणीची रेघ या तुकड्यातून त्या तुकड्यात सरळ जाते. खडकातल्या अशा भेगेला सांधा म्हणतात. आता दुसरीकडून तिरकं कापा आणि एक तुकडा उतारावरून घसरावा तसा बोटभर खाली सरकवा. हिरवी रेघ तुटली. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. हा भ्रंश.

फरक इतकाच. भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या असतील तर भ्रंश, नसतील तर नुसता सांधा. भूकंप होतो तो भ्रंशावर.

यानंतर मुलांना मोकळं सोडा (नजरेच्या टप्प्यात!) आणि दिसेल त्या भेगेपाशी एकच प्रश्न विचारायला सांगा: हिरवी रेघ सरकली का? चटणीच्या जागी दगडातली रंगाची पट्टी चालेल किंवा दगडात अडकलेला, भेगेने कापलेला एखादा मोठा तुकडा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असंच येईल. लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो, तळ्यातला चिखल सुकल्यावर तडकतो तसाच. त्याचा सर्वांत देखणा नमुना मुंबईतच आहे, अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. दगडी खांबांची सुमारे दोनशे फूट उंच भिंत आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. ते खांब पाहून ‘केवढा भूकंप झाला असेल!’ म्हणणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. ते सगळे सांधे आहेत, आकसण्याचे.

सँडविच खायचं ते यानंतरच. आधीच वाटून टाकलं तर पुरावा पोटात जातो.

तिसरा थांबा: खराट्याचा हीर

प्रत्येकाच्या हातात एक हीर द्या. दोन्ही टोकं धरून हळूहळू वाकवायचा. हीर वाकतो, अजून वाकतो, काही होत नाही. आणि मग ‘कट्’. बोटांना झिणझिण्या आल्या का, हे लगेच विचारा. मुलांना भूकंपातली नेमकी गोष्ट इथे कळते: ताण साठायला वेळ लागतो, सुटायला क्षणभर पुरतो, आणि बोटांना जाणवली ती लाट. कोणाचा हीर आधी मोडेल हे सांगता आलं का, हेही विचारा. नाही आलं. भूकंपाची तारीख का सांगता येत नाही, याचं उत्तर त्यांनीच दिलं.

हीर वाकवतं कोण? भारताची जमीन वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते, साधारण आपली नखं वाढतात त्या गतीने, आणि आशियाला रेटते. हिमालय त्या रेट्यातून उभा राहिला. रेट्याचा ताण पार आपल्यापर्यंत पोचतो आणि जुन्या, कच्च्या भेगांवर सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तेच झालं. दख्खनचा दगड पक्का, इथे काही हलत नाही, हा समज खरा नाही.

माथ्यावर: थर आणि लाटा

लेण्यांवरून माथ्यावर चढलात की पश्चिमेकडे तोंड करून उभं राहा. डब्यातल्या चपात्यांची चळत हातावर घ्या. लोणावळ्याच्या घाटात गाडीतून दिसतात ते थर असे, आडवे. आता चळत समुद्राच्या बाजूला थोडी कलती करा. मुंबईतले थर असे, दहा-पंधरा अंश पश्चिमेकडे झुकलेले. लाव्हा पसरला तेव्हा जवळपास सपाट होता, म्हणजे नंतर सगळा किनाराच वाकला. भूशास्त्रज्ञ या बाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. सेशेल्सचा तुकडा (आज हिंदी महासागरातली बेटं) भारतापासून तुटून दूर गेला, त्या उलथापालथीच्या काळातली ही गोष्ट. दहा वर्षांखालच्या मुलांना सेशेल्स सोडून द्या, चपात्या पुरेत.

मग मुलांची रांग करा, सपाट जागी, पायऱ्यांवर नको. प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यांवर. मागून हलकासा धक्का द्या, तो पुढेपर्यंत जातो. ही प्राथमिक लाट, ढकलत जाणारी. आता मागच्याने डावीकडे-उजवीकडे डुलायचं आणि ते डुलणं पुढे पाठवायचं. ही दुय्यम लाट, सावकाश येणारी आणि जास्त हलवणारी. पहिली खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, दुसरी साडेतीन. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला, मुंबईपासून साधारण दोनशे किलोमीटरवर. मोठ्या मुलांना गणित करू द्या. पहिली लाट तेहतीस-चौतीस सेकंदांत, दुसरी सत्तावन्नच्या आसपास, मध्ये चोवीस सेकंदांचं अंतर. वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आपण आकडे मोजतो, तसंच हे. आमच्या मजल्यावरच्या आजी सांगतात की त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजायला लागली आणि मांजर शिरलं समजून त्या काठी घेऊन उठल्या.

कोयनेत धरणाचा संबंध काय, असं कोणी विचारलंच तर इतकं सांगा: जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि त्यानंतर तिथे धक्के जाणवायला लागले. पाण्याचं वजन आणि खोल भेगांत मुरलेलं पाणी, यांनी आधीच ताणलेला हीर मोडायला मदत केली.

चौथा थांबा: वाळूचा डबा

‘काका, मुंबईत होणार का?’ हा प्रश्न येणारच. टाळू नका आणि भेदरवूही नका. २००२ च्या भूकंप-विभागांच्या नकाशात (आकडा जितका मोठा तितका धोका जास्त) मुंबई तिसऱ्या विभागात होती, कोयना चौथ्या, भुज पाचव्या. २६ जानेवारी २००१ ला भुजला हादरा बसला तेव्हा साडेपाचशे किलोमीटरवरच्या मुंबईतही उंच इमारती डोलल्या होत्या. मग डबा काढा. वाळू भरा, ती चिंब होईल एवढं पाणी घाला, वर गोटा ठेवा. घट्ट बसतो. आता डब्याच्या कडेवर बोटांनी टकटक टकटक करत राहा. वाळू पातळ होते, वर पाणी सुटतं आणि गोटा सावकाश आत बसतो. सात बेटं भराव टाकून जोडलेल्या शहरात हा डबा कुठे कुठे असेल, ते मुलंच सांगतात.

सराव करायचा तो इथेच. ‘हललं!’ म्हटलं की उघड्यावर असाल तर झाड, कडा, भिंत आणि विजेचा खांब यांपासून लांब जाऊन खाली बसायचं. घरात असाल तर खाली वाकायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. धक्के चालू असताना जिन्याकडे पळायचं नाही, लिफ्ट तर नाहीच. तीनदा करून घ्या. पहिल्या वेळी हसतात.

गेल्या खेपेला परतल्यावर तिसरीतली एक मुलगी फाटकातून आत न येता कंपाउंडच्या भिंतीपाशीच थांबली. भिंतीवर तांबडी पट्टी रंगवलेली आहे, तिला मधोमध तडा, आणि तड्याच्या एका बाजूची पट्टी दोन बोटं खाली. ‘काका, इथे रेघ सरकलीये!’ सगळे धावले. भूकंप का, यावर फाटकातच वाद जुंपला. मग कोणाला तरी भिंतीपलीकडचा खड्डा आठवला, पाइपलाइनसाठी खणून नुसत्या मातीने बुजवलेला, आणि ती पोरगी आपला डबा आणायला वर पळाली.