पवित्र शास्त्राची मराठी भाषांतरे शेजारी ठेवून कशी अभ्यासावीत

यवतमाळ, वर्धा किंवा अमरावतीकडच्या खेड्यांत एखाद्या ख्रिस्ती घरात पाहिले, तर बहुधा दोन-तीन शास्त्रे, म्हणजे बायबलच्या प्रती, निघतात. एक आजोबांच्या वेळचे, पाने पिवळी पडलेले. एक अलीकडच्या छपाईचे. आणि एक घरातल्या तरुणाच्या मोबाइलमधले. रविवारच्या उपासनेत पाळक एक पाठ वाचतात, सतरंजीवर बसलेली मंडळी आपापल्या प्रतीत जरा निराळेच वाचत असते, आणि मग कोणाचे पुस्तक खरे, यावर वाद होतो. तो प्रश्न बाजूला ठेवून ‘हा फरक कशामुळे पडला’ असे विचारले, तर त्याच फरकांतून पुष्कळ शिकता येते.

प्रथम आपल्या हातात नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे पाहावे. पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ उघडून प्रकाशक, वर्ष आणि ‘सुधारित’ किंवा ‘पुनर्संपादित’ असा उल्लेख वहीत उतरवून घ्यावा. मोबाइलवरील ॲपमध्ये आवृत्तीच्या नावावर बोट ठेवले की बहुधा तिची माहिती उघडते. मंडळ्यांमध्ये सर्वाधिक वापर बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या ‘पवित्र शास्त्रा’चा आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ कॅथलिक परंपरेतून आलेले आहे. पुस्तके मोजून पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते: प्रोटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तके असतात आणि कॅथलिक शास्त्रात ७३. तेव्हा शेजारच्या घरातील प्रतीत तोबीत किंवा मक्काबी ही पुस्तके आढळली, तर ती कोणी मागाहून घुसवली असे समजू नये. जुन्या कराराची, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या भागाची, यादीच दोन्ही परंपरांत वेगळी आहे.

अभ्यासासाठी उतारा लहान घ्यावा. संपूर्ण पुस्तक तुलनेला घेणाऱ्याचा उत्साह चौथ्या अध्यायापर्यंतही टिकत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. सुरुवातीला मत्तय २०:१–१६ (मत्तय या पुस्तकाचा विसावा अध्याय, वचने १ ते १६), म्हणजे द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला, हा आपल्या भागातील वाचकाला सर्वांत सोयीचा उतारा ठरेल. वहीचे आडवे पान घेऊन आवृत्त्या असतील तितके रकाने आखावेत, शेवटचा रकाना आपल्या टिपणासाठी मोकळा सोडावा, आणि प्रत्येक वचन हाताने उतरवून काढावे. हाताने लिहिण्याचा आग्रह मुद्दाम आहे: डोळा जे ओलांडून जातो, त्यापाशी हात थांबतो.

आता या उताऱ्यात काय दिसते ते पाहू. मुळात मजुरीसाठी ‘दीनार’ हे रोमी चांदीचे नाणे आहे, आणि ते त्या काळी साधारण एका दिवसाच्या रोजीइतके होते. कोणी भाषांतरकार नाण्याचे मूळ नाव ठेवतो, कोणी वाचकाच्या ओळखीच्या नाण्याचे नाव घालतो, तर कोणी सरळ ‘एका दिवसाची मजुरी’ असे लिहितो. वेळेचेही तसेच आहे. मुळात तिसरा, सहावा, नववा आणि अकरावा तास आहेत. काही आवृत्त्या ते तसेच ठेवतात, काही सकाळचे नऊ, दुपारचे बारा व तीन आणि संध्याकाळचे पाच असे करून देतात. पहिली पद्धत वाचकाला त्या काळात नेते, दुसरी तो काळ वाचकाच्या दारात आणते. दोन्हींत भाषांतरकाराने चूक केलेली नाही. परंतु कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि सोयाबीनची सोंगणी गुत्त्याने दिली जाते, अशा गावात ‘दीनार’ वाचून दाखल्याची धार कळत नाही. दिवस मावळताना तासभर राबलेल्यालाही पुरा रोज मिळाला, हे ऐकले की पहाटेपासून राबलेल्यांची कुरकुर लगेच समजते. म्हणून अभ्यासाला मुळाजवळची आवृत्ती आणि मोठ्याने वाचायला सुलभ आवृत्ती, अशी जोडी ठेवावी, असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रकारचा फरक शैलीचा नसतो, तर हस्तलिखितांचा असतो, आणि तो ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. प्रभूची प्रार्थना सर्वांना पाठ असते. मत्तय ६:१३ येथे ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ हा शेवट काही आवृत्त्यांत सरळ छापलेला असतो, काहींत कंसात, आणि काहींत तो केवळ तळटिपेत सापडतो. कारण असे की, चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो नाही, पुढील काळातील बहुसंख्य हस्तलिखितांत मात्र आहे. लूक ११:२–४ उघडून पाहिले, तर तेथेही तो शेवट आढळत नाही. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, हेच शब्द प्रार्थनेला लगेच जोडून न येता, मध्ये फादरांची एक प्रार्थना झाल्यावर येतात. मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ हे उतारेही याच रीतीने तपासावेत. कंस आणि तळटीप यांकडे दुर्लक्ष करणारा वाचक अशा ठिकाणी ‘आमच्या पुस्तकातून वचन गाळले’ अशी तक्रार करतो. टिपा वाचणाऱ्याला उत्तर त्याच पानावर मिळते.

अनेक आवृत्त्या सारख्या आहेत म्हणून तेवढे साक्षी मिळाले, असे मात्र मानू नये. सुधारित आवृत्ती बहुधा जुन्या भाषांतरावरच उभी असते, त्यामुळे तीन प्रतींचे एकमत कधी कधी एकाच प्रतीचे मत असते. आपल्याकडे बरेच जण हिंदी शास्त्रही वाचतात, आणि त्याचा उपयोग होतो. स्तोत्र २३ च्या आरंभी जुन्या हिंदी भाषांतरात ‘यहोवा’ आहे आणि प्रचलित मराठीत ‘परमेश्वर’. देवाच्या हिब्रू नामासाठी दोघांनी वेगळी वाट घेतली, हे त्यावरून कळते. इंग्रजीशी ताडून मराठीला बरोबर किंवा चूक ठरवण्याची सवय मात्र सोडावी, कारण इंग्रजी हेदेखील भाषांतरच आहे. शंका गंभीर असेल, तर ग्रीक किंवा हिब्रू शिकलेल्या पाळकांना वचनाचा संदर्भ लिहून विचारावे. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिकवणारी संस्था १९८३ साली पुण्याला गेली. तेथे किंवा अन्यत्र या भाषा शिकलेले पाळक आसपास कोठे आहेत, याची चौकशी करणे अवघड नाही.

गटाने अभ्यास करायचा असल्यास हंगाम पाहून दिवस ठरवावा. वेचणीच्या दिवसांत रात्री उशिरा कोणी बसत नाही. मोबाइलवर अवलंबून असणाऱ्यांनी रेंज मिळेल तेथे आवृत्ती आधीच डाउनलोड करून घ्यावी, आणि सर्वच आवृत्त्यांना तशी परवानगी नसते, हे लक्षात घेऊन निदान एक छापील प्रत जवळ ठेवावी. उतारा दोनदा, दोन आवृत्त्यांतून, सावकाश वाचावा. ज्यांना वाचता येत नाही, त्या वयस्क बायांना जुना पाठ तोंडपाठ असतो आणि बदललेला शब्द त्यांच्याच कानाला आधी खटकतो. म्हणून वाचन संपताच पहिला प्रश्न त्यांना विचारावा, आणि त्यांनी दाखवलेले ठिकाण वहीत खूण करून मगच भाष्यग्रंथ उघडावा.