गोव्यातून परदेशी भूविज्ञान आणि अवकाशविज्ञान शिकायला जाताना

परदेशी विद्यापीठात भूविज्ञान किंवा अवकाशविज्ञान शिकण्याचा विचार पक्का होऊ लागला की घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘कुठला देश?’ असा. या विषयांच्या बाबतीत तो प्रश्न नंतरचा आहे. व्यवस्थापन शिकायला जाणाऱ्याला देश, शहर आणि विद्यापीठाचे नाव पाहून बराचसा निर्णय घेता येतो. पण समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास जिथे उत्तम होतो, तिथे मंगळाच्या पृष्ठभागावर काम करणारा गट असेलच असे नाही. म्हणून आधी आपल्याला कशाचा अभ्यास करायचा आहे ते ठरवावे, मग तो अभ्यास करणारी माणसे आणि त्यासाठी लागणारी उपकरणे कुठे आहेत ते शोधावे; देश त्या ओघात ठरतो.

‘पृथ्वी आणि अवकाश विज्ञान’ या नावाखाली खडक, भूकंप, समुद्र, हवामान, हिमनद्या, ग्रह-उपग्रह आणि सूर्यापासून वाहत येणारे विद्युतभारित कण एवढा पसारा येतो, आणि प्रत्येक विद्यापीठ त्याची वाटणी आपापल्या पद्धतीने करते. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात पृथ्वी, अवकाश आणि अभियांत्रिकी यांचा मिळून एक विभाग आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पृथ्वी, वातावरण आणि ग्रह हे तिन्ही विषय एकत्र शिकवले जातात. ॲरिझोना विद्यापीठात जेरार्ड कायपर यांनी १९६० मध्ये सुरू केलेली चांद्र आणि ग्रहविज्ञानाची प्रयोगशाळा खगोलशास्त्र विभागापासून वेगळी आहे, तर जर्मनीतील ब्रेमेन आणि कील ही शहरे सागरी भूविज्ञानासाठी ओळखली जातात. तेव्हा नुसता ‘जिऑलॉजी’ हा शब्द टाकून अभ्यासक्रम शोधणाऱ्याच्या हातून अनेक चांगले पर्याय निसटतात.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित घेऊन पदवीधर झालेल्यांनाही ही दारे उघडी आहेत. भूकंपशास्त्र, सागरी प्रवाह आणि ग्रहांची वातावरणे या शाखांत तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे स्वागतच होते. अडचण बहुधा भूविज्ञानाच्या पदवीधरापुढे असते, कारण आपल्याकडील अभ्यासक्रमात खनिजे ओळखणे आणि नकाशे वाचणे चांगले शिकवले जाते, पण कलनगणित आणि संगणकाची भाषा मागे राहते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून पायथन शिकावे, आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर हाताखालून घालावे. पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवरील दुर्बिणीतून शनीची कडी पाहून अनेक मुलांना अवकाशाचा नाद लागला आहे. तो नाद चांगलाच, पण प्रवेशासाठी तेवढ्याने भागत नाही.

गोव्यातल्या विद्यार्थ्याच्या हाताशी जे आहे ते मात्र देशात फार थोड्यांना मिळते. दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या भारताच्या तळांची आणि आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरील हिमाद्री या संशोधन केंद्राची व्यवस्था पाहते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचा पृथ्वी, महासागर आणि वातावरण यांना वाहिलेला विभाग आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी किंवा सुटीतल्या कामासाठी या संस्थांतील शास्त्रज्ञांकडे विद्यार्थी घेतले जातात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष केलेले सहा महिन्यांचे काम परदेशातील निवड समितीपुढे पाच प्रमाणपत्र-अभ्यासक्रमांपेक्षा जड भरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्थांइतकीच आपली जमीनही कामाची आहे. अनमोड घाटात ३०० कोटी वर्षांहून जुने खडक उघडे पडलेले आहेत, सत्तरीच्या पूर्व कडेला दख्खनच्या लाव्हाचे थर दिसतात, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात लोहखनिज आहे. चिऱ्याच्या खाणीत उभे राहून पाहिले की वरचा कठीण जांभा, त्याखालचा ठिपक्याठिपक्यांचा चिकणमातीचा थर आणि त्याच्याही खाली कुजत चाललेला मूळ खडक असा सारा क्रम एका उभ्या कापात दिसतो. जांभ्यातला लाल आणि पिवळसर रंग हेमटाइट आणि गोएथाइट या लोहाच्या खनिजांचा असतो. कक्षेतून केलेल्या मोजमापांत हेमटाइटच्या खुणा दिसल्या म्हणूनच २००४ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही बग्गी मंगळाच्या मेरिडियानी पठारावर उतरवण्यात आली. त्यामुळे डिचोलीतल्या चिरेखाणीतील नमुन्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे मोजमाप करणारा विद्यार्थी ग्रहविज्ञानाच्या कामाची पद्धतच शिकत असतो. चांद्रयान-२ ची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर आणि अमेरिकी मोहिमांची माहिती नासाच्या ग्रहविषयक संग्रहात कुणालाही मोफत मिळते. अवकाशविज्ञानाला सुरुवात करण्यासाठी परदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्राध्यापकाला लिहायचे पहिले पत्र ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि तिथेच बहुतेकांचे गाडे अडते. ‘मला लहानपणापासून अवकाशाची ओढ आहे, आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याची माझी मनापासून इच्छा आहे, कृपया शिष्यवृत्ती मिळावी’ अशा धाटणीच्या पत्रांना उत्तर येत नाही, कारण तेच पत्र शंभर जणांना गेले असावे हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते. त्याऐवजी पुढील मजकूर पाहावा: ‘मी मांडवीकाठच्या खाजनातून, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीतून, मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) दारापासून आतल्या बाजूला, गाळाचा एक उभा नमुना घेऊन त्यातील कणांचा आकार थरागणिक मोजला. या नदीतून लोहखनिजाचे बार्ज चालत आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. तो बदल गाळात उमटला आहे का, हे मला पाहायचे होते. काही थरांत बारीक लोहयुक्त कण वाढलेले दिसतात, पण ते खाणीतून आले की जांभ्याच्या झिजेतून, हे केवळ आकारावरून ठरवता येत नाही. आपला गट गाळाच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम करतो. पुढील वर्षी त्यात एखाद्या विद्यार्थ्यासाठी जागा निघण्याची शक्यता आहे का?’ या पत्रात स्तुतीचा एकही शब्द नाही. आपण काय केले, कुठे अडलो आणि नेमके याच माणसाकडे का आलो, एवढेच त्यात आहे. अर्थात ज्याने गाळ मोजला नाही त्याने हे पत्र उचलून पाठवू नये. पहिल्या मुलाखतीत ते उघडे पडते.

कुणाला लिहायचे हे शोधण्यासाठी दरवर्षी वसंतात व्हिएन्नात भरणाऱ्या युरोपीय भूविज्ञान संघाच्या आणि डिसेंबरात होणाऱ्या अमेरिकी भूभौतिकी संघाच्या परिषदांतील निबंधांचे गोषवारे चाळावेत. ते सर्वांना वाचता येतात. गोषवाऱ्यात प्राध्यापकाबरोबर ज्या तरुण संशोधकांची नावे असतात, त्यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर लवकर येते, आणि त्या गटातील वातावरण कसे आहे हेही त्यांच्याकडूनच कळते.

आता पदवीच्या वर्षांबद्दल. भारतातील तीन वर्षांची पदवी ब्रिटनमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी चालते, पण अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी किंवा तिच्यापुढे आपल्याकडची पदव्युत्तर पदवी मागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाची सोय आता गोवा विद्यापीठातही झाली आहे; अमेरिकेचा विचार असेल तर ते वर्ष संशोधनासह पूर्ण करावे.

पैशाचा हिशेब देशागणिक पार बदलतो, आणि येथे घाई महागात पडते. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, आणि या विषयांत पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी सहसा माफ होऊन अध्यापन किंवा संशोधन साहाय्याबद्दल त्याला वेतनही मिळते. स्वतःच्या खर्चाने केलेली तिथली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मात्र घर गहाण ठेवायला लावू शकते. कॅनडात प्रबंधासह असलेल्या पदव्युत्तर पदवीलाही बहुधा वेतन जोडलेले असते, त्यामुळे अर्ज करताना प्रबंधाचा मार्ग कोणता आणि नुसत्या वर्गांचा कोणता, हे नीट वाचावे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतले जातात. जर्मनीसाठी भारतीय अर्जदाराला एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेले प्रमाणपत्र, लागते, आणि व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाचे पैसे, सध्या ११,९०४ युरो, वेगळ्या गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. नॉर्वे फुकट आहे ही जुनी समजूत. तिथे युरोपाबाहेरच्यांना २०२३ पासून फी आहे.

शिष्यवृत्त्यांपैकी युरोपातील इरास्मुस मुंडुस या, अनेक देशांतील विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे गोव्यातील विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यांतल्या ‘इमेराल्ड’ या भूसंसाधन अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात लिएज, नान्सी, लुलेओ आणि फ्रायबर्ग येथे शिक्षण होते, आणि खाणपट्ट्यात वाढलेल्या मुलाला त्यातले प्रश्न ओळखीचे वाटतील. ‘वाकोमा’ हा पाणी आणि किनारा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतील विद्यापीठे मिळून चालवतात. खाजनाचे बांध पाहिलेल्याला तो परका नाही. इरास्मुस मुंडुसच्या शिष्यवृत्तीत महिन्याला १,४०० युरो मिळतात. ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून ताज्या पदवीधराने तिच्यामागे वेळ घालवू नये. राज्य पातळीवर मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स ही योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजातील विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे; तिचा अर्ज करणारे आपल्याकडे फारच कमी दिसतात, याची खंत वाटते.

गोव्यात आणखी एक विषय निघतोच, तो पोर्तुगीज पासपोर्टचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना तो मार्ग खुला असल्यामुळे, फी वाचेल म्हणून तो घ्यावा का, असे पालक विचारतात. जर्मनीसारख्या देशात नागरिकत्वावरून फी ठरते, तेव्हा फरक पडतो. आयर्लंडमध्ये मात्र युरोपात काही वर्षे वास्तव्य केलेले असावे लागते, आणि ब्रिटनने २०२१ पासून युरोपीय नागरिकांनाही परदेशी विद्यार्थ्यांच्याच फीत बसवले आहे. अवकाशविज्ञानात एक खरा फायदा आहे: युरोपीय अवकाश संस्थेत पदवीधरांना मिळणाऱ्या प्रशिक्षणाच्या जागा सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, आणि पोर्तुगाल सदस्य आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्या त्या क्षणी हातच्या जातात. दोन वर्षांच्या फीसाठी हा सौदा करू नये, असे मला वाटते.

अमेरिकेत अवकाशविज्ञान शिकू पाहणाऱ्याने एक मर्यादा आधीच समजून घ्यावी. यानांची उपकरणे बनवण्याच्या कामावर निर्यात-नियंत्रणाचे कायदे लागू असल्याने परदेशी विद्यार्थ्याला काही प्रयोगशाळांत प्रवेश मिळत नाही, आणि नासातील सरकारी नोकरीसाठी अमेरिकी नागरिकत्व लागते. मोहिमांनी पाठवलेल्या माहितीचे विश्लेषण, संगणकावरील प्रतिकृती आणि उल्का-नमुन्यांचा अभ्यास यांत तशी आडकाठी सहसा नसते. गट निवडताना हा भेद प्राध्यापकाला सरळ विचारावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

तयारीचे वेळापत्रक आपल्या पावसाशी जुळवावे लागते. अमेरिकेतील अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, इरास्मुसचेही त्याच सुमारास, आणि जून ते सप्टेंबर गोव्यात बाहेरचे काम जवळजवळ होत नाही. म्हणून अर्जाच्या आधीच्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात नमुने गोळा करावेत, पावसाळ्यात प्रयोगशाळेतले काम आणि लिखाण उरकावे, गणेशचतुर्थीपूर्वी प्राध्यापकांना पत्रे जावीत आणि शिफारसपत्रे मागून ठेवावीत. शिफारसपत्र विभागप्रमुखाकडून घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ज्यांनी आपल्याला क्षेत्रभेटीत घाम गाळताना पाहिले आहे त्या शिक्षकाचे पत्र अधिक उपयोगी ठरते. गुणपत्रिका आणि इतर दाखले यांना विद्यापीठात वेळ लागतो, तेव्हा त्यांचे अर्ज त्याच दरम्यान करून टाकावेत. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत होते, आणि तारखा मिळणे उन्हाळ्यात अवघड असते.

परतीचा विचारही जाण्यापूर्वीच करावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पदांसाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि तीत पदव्युत्तर पदवी मागतात; ब्रिटनच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानुसार मान्यता आहे, इतर देशांच्या पदवीची समकक्षता मात्र आधी तपासून घ्यावी. कॅनडात राहून भूवैज्ञानिक म्हणून व्यवसाय करायचा असेल तर प्रांताकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी पदवीत ठराविक विषय झालेले असावे लागतात. ती यादी प्रांतिक संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. तिथले अभ्यासक्रम निवडताना ती समोर ठेवावी, म्हणजे राहिलेला एखादा विषय पुढे स्वतंत्र फी भरून करण्याची वेळ येत नाही.